भागीदार दातसाहेब यांस अनावृत पत्र

श्री. रा. रा. दातसाहेब (खालचे, मधले, डावे),
मुक्काम पोस्ट चिमीची हिरडी,
धरणगाव, जि. जळगाव
यांचे सेवेसी,

साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

पत्राला उशीर झाला, त्याबद्दल आधी हात जोडतो. आपण चैत्रात आलात आणि आता दसरा तोंडावर आला. मधल्या काळात लिहायला बसलो नाही असं नाही, पण दोन ओळी झाल्या की डोळे मिटायचे. रात्रभर जागवण्याची जी सेवा आपण आमच्या घराला अखंड पुरवलीत, तिचंच हे फळ. आपण मनाला लावून घेऊ नये.

आपलं आगमन आम्हाला दिसलं नाही, ऐकू आलं. सातव्या महिन्यात आमच्या लेकीचं, चिमीचं, उष्टावण झालं. मामाने आणलेल्या चांदीच्या वाटीतून माझी आई तिला पाणी पाजत होती आणि काठावर ‘टिक्’ असा आवाज झाला. आईने वाटी पुन्हा लावली. पुन्हा टिक्. त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जो आनंद फुलला, तो माझा डी. फार्मसीचा निकाल लागला तेव्हाही मी पाहिला नव्हता. पंधरा मिनिटांत गल्लीतल्या सात बायका येऊन आपल्याला बोटाने चाचपून गेल्या. त्यातल्या दोघींनी बोट धुतलं होतं.

धरणगावात याआधी थोर माणसं जन्मली नाहीत असं नाही. 13 ऑगस्ट 1890 ला बालकवी इथेच जन्मले. पण त्यांना बघायला पंधरा मिनिटांत एवढी गर्दी जमली होती, असं कुठे वाचलेलं आठवत नाही. मान आपला मोठा. तांदळाच्या कणीएवढा देह, पण मान मोठा.

चिमीच्या आईला आपण पहिल्याच आठवड्यात, अंगावर पाजताना, जो प्रसाद दिलात त्याचं वर्णन माझ्याच्याने होणार नाही. तिची किंकाळी जिनिंगच्या भोंग्याशी बरोबरी करणारी होती. त्यानंतर तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू आपल्याला मीच पत्ता देऊन पाठवलं होतं. नवरा-बायकोतला संवाद वाढवल्याबद्दल आभार.

लाळेबद्दलही आभार मानायचे होते, पण इथे थोडी अडचण आहे. चिमीची लाळ चौथ्या महिन्यातच सुरू झाली. दिवसाला सहा लाळेरी. आई म्हणाली, दात येऊन राह्यले. आता मी औषधं विकणारा माणूस, मला एवढं माहीत आहे की त्या वयात लाळेच्या ग्रंथी जोरात कामाला लागतात, लेकराला गिळायची सवय नसते आणि ती अडवायला पुढे दातांचा बंधाराही नसतो. म्हणजे लाळ गळत होती ती आपण नव्हतात म्हणून. तरी श्रेय आपल्या नावावर जमा झालं. न केलेल्या कामाचं श्रेय घरबसल्या कसं मिळवावं, हे आपल्याकडून शिकावं. आमच्याकडचे पुढारीही निदान उद्घाटनाला येतात.

आपल्यामुळे घरातल्या वस्तूंकडे पाहण्याची आमची दृष्टी बदलली. पूर्वी आम्ही रिमोटकडे रिमोट म्हणून पाहायचो. आता पाहतो ते चावायची वस्तू म्हणून. खाटेचा कठडा, आईच्या पोथीचं वेष्टण, माझी डावी चप्पल, कशालाच आपण कमी लेखलं नाहीत. आईने खारीक दोऱ्यात ओवून दिली. मी ती काढून घेतली, कारण तुकडा घशात अडकतो. चिमीच्या आईने स्वच्छ फडकं भिजवून फ्रिजमध्ये गार करून दिलं, जे खरोखर बरं असतं. चिमीने तेही नाकारलं आणि माझ्या दुकानाच्या शटरच्या किल्ल्यांचा जुडगा निवडला. गार, खणखणीत, चवीला लोखंडी. मी कौतुकाने देतही राहिलो. या किल्ल्यांवर पुढे येतो.

आपल्या पलटणीच्या शिस्तीला मात्र खरोखर सलाम. आमच्या गावाला पलटणींची ओळख आहे. आउटरम साहेबाने 1825 मध्ये भिल्ल पलटण उभी केली ती याच धरणगावात. आपली पलटण वीस जणांची. भरती तर आईच्या पोटात, गर्भ जेमतेम दीड महिन्याचा असतानाच सुरू होते. मग सहाव्या ते दहाव्या महिन्यात खालचे मधले दोन. आठव्या ते बाराव्यात वरचे मधले दोन. त्यांच्या शेजारचे वर्षाच्या आगेमागे. कुणाच्या घरी महिना-दोन महिने इकडेतिकडे होतं, तेवढी सूट आपण देता. शेजारणीचं पोरगं पाच महिन्यांत दात दाखवतं आणि स्वतःचं नऊ महिन्यांचं बोळकं हसतं, तेव्हा आईबापांचं जे होतं ते आपण हिरडीआडून मजेत पाहत असालच.

आणि मग ती गंमत. शेजारच्याला लागून पुढचा असा सरळ क्रम आपण ठेवत नाही. दीड वर्षाच्या आसपास आधी पहिल्या दाढा येतात, आणि मधे सुळ्यांची जागा मोकळी. एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तशी. सुळे महाशय त्यानंतर, दोन वर्षं पुरी व्हायच्या आधी, आरामात चढतात आणि रुमाल उचलून बसतात. शेवटच्या दाढा अडीच वर्षांच्या पुढेमागे. तेव्हा कुठे पलटण पुरी.

वरचे आधी येतील की खालचे, यावरून आपण अमळनेरच्या माझ्या मेहुण्याला तीन महिने टांगून ठेवलंत. वरचे दात आधी आले तर मामाला जड, असं आमच्याकडे म्हणतात. तो बँकेत आहे, शिकलेला आहे, त्याचा यावर विश्वास नाही. फक्त रोज रात्री फोन करायचा. “खालचेच ना? नक्की खालचे? फोटो पाठवा.” बहुतेक पोरांचे खालचेच आधी येतात, हे मी त्याला सांगितलं असतं. पण मेहुण्याला काळजीत ठेवायची संधी जावयाला रोज मिळत नाही.

इथवर सगळं कौतुकाचं झालं, दातसाहेब. आता आपल्या-माझ्या धंद्याचं बोलू.

गेली एकोणीस वर्षं मी या गावात मेडिकल चालवतो, आणि या एकोणीस वर्षांत आपण माझे बिनभांडवली भागीदार आहात. गुंतवणूक शून्य, भाडं शून्य, परवाना नाही. फक्त नाव आपलं. काउंटरपुढे आजी येते, काखेत किरकिरं लेकरू. मी औषधाचा कागद मागत नाही. एकच प्रश्न विचारतो, “किती महिन्यांचं?” आठ म्हटलं, अकरा म्हटलं, दीड वर्षाचं म्हटलं, काहीही म्हटलं तरी माझं निदान तयार. ताप? दात येताहेत. जुलाब? दात. खोकला, कान ओढणं, अंगावर पुरळ, रात्रीचं रडणं? दात, दात, दात. आणि हात आपोआप फडताळातल्या 21 नंबरच्या गोळ्यांकडे जातो. बायोकॉम्बिनेशन 21, पांढऱ्या, गोड, दाताच्या म्हणून प्रसिद्ध. आजीचं समाधान, लेकराला गोडी, मला नफा.

ही जादू कशी चालते, हे मी फार उशिरा मोजलं. सहाव्या महिन्यापासून अडीच वर्षांपर्यंत चोवीस-पंचवीस महिने. दात वीस. म्हणजे महिना-सव्वा महिन्याला आपल्यातलं कोणीतरी वर यायच्या बेतात असतंच. त्या काळात लेकराला काहीही होवो, हिरडी दाबून पाहिली की कुठेतरी टणक लागणारच. प्रत्येक चोरीच्या वेळी चौकात उभा असलेला माणूस जसा, तसे आपण. फरक एवढाच की आपल्याला पकडून नेलं की लोक तपास बंद करतात.

आणि खरा चोर नेमका तेव्हाच घरात शिरलेला असतो. सहा महिन्यांच्या सुमारास आईच्या पोटातून मिळालेलं संरक्षण बरंच ओसरलेलं असतं. त्याच सुमारास वरचं अन्न सुरू होतं, वरचं पाणी सुरू होतं, लेकरू रांगायला लागतं, आणि जे हाती येईल ते तोंडात. सगळं एकाच मुहूर्तावर. नाव मात्र आपलं, कारण आपण दिसता. जंतू काही वाटीवर टिक् वाजवत नाहीत.

आता आषाढातली गोष्ट.

चिमी दहा महिन्यांची. वरची हिरडी फुगलेली, पांढुरका ठिपका दिसू लागलेला. पहिल्या दिवशी चार वेळा पातळ शी झाली. आई म्हणाली, “दात येऊन राह्यले तिले, बाकी काही नही.” मी मान डोलावली. एकोणीस वर्षांची सवय. दुसऱ्या दिवशी आठ वेळा. आईने टाकणखाराची लाही मधात कालवून हिरड्यांना चोळली. वर्षाच्या आतल्या लेकराला मध देऊ नये, हे मी दुकानात आलेल्या निदान शंभर जणांना सांगितलं असेल. घरात बोललो नाही. आईला शिकवायची हिंमत काउंटरच्या आतच असते. रात्री दुकानातून 21 नंबरची नवी बाटली आणली. दुकानातच, तिच्या खालच्या खणात, ओआरएसची पाकिटं होती. खाली वाकावं लागतं म्हणून दिसली नाहीत, असं म्हणू.

तिसऱ्या रात्री चिमी रडत होती आणि डोळ्यांत पाणी नव्हतं. दुपारपासून लंगोट कोरडा. चिमीच्या आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि थांबली. टाळू आत गेली होती. बशीसारखी. ती काही बोलली नाही. तिने चपला घातल्या.

वाटेतली पाळधी कधी मागे पडली ते कळलं नाही. जळगावच्या दवाखान्यात बारीकशी शीर शोधायला चार हात लागले. मग सलाइन सुरू झालं. डॉक्टरबाईंनी विचारलं, “किती दिवस?”

“तीन.”

“मग आधी का नाही आणलं?”

मी म्हणालो, “दात येताहेत म्हणून...”

त्यांनी लिहिता लिहिता वर पाहिलं. “काय करता तुम्ही?”

आणि दातसाहेब, मी म्हणालो, “शेती.”

आमच्या सातबारावर माझं नावही नाही.

बाईंनी मग शांतपणे सांगितलं. दात येताना लेकरू किरकिरं होतं, हिरडी चोळतं, लाळ गाळतं, जेवण थोडं कमी करतं, अंग किंचित कोमट लागतं. एवढंच. 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप असेल तर तो दाताचा नाही. दिवसाला आठ जुलाब दाताचे नाहीत. पहिल्या पातळ शीपासून ओआरएस, चौदा दिवस झिंक, आणि आईचं दूध चालूच. मग विचारलं, “पाणी कुठलं पिता?” आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे गच्चीवरच्या टाकीत साठवतो. “टाकी कधी धुतली?” मी चिमीच्या आईकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. परत आल्यावर टाकी रिकामी केली तेव्हा तळाला चार बोटं गाळ निघाला. आणि किल्ल्यांचा जुडगा मी पहिल्यांदाच साबणाने धुतला. पाण्याचा रंग सांगत नाही. एकोणीस वर्षं त्याच हाताने नोटा मोजतो आणि त्याच हाताने शटर उघडतो.

दवाखान्यातल्या त्या रात्री सलाइनचे थेंब मोजता मोजता मोबाइलवर आपलं चरित्र वाचलं. थोर आहात. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात लेकरू गेलं की मृत्यूच्या नोंदीत कारण म्हणून सरळ ‘दात येणे’ लिहायचे. हजारोंनी लेकरं गेली आणि सरकारी कागदावर आरोपी आपण. डॉक्टर लोक हिरडीला चाकूने चिरा द्यायचे, आपल्याला वाट मोकळी व्हावी म्हणून. पुढे दाताच्या पुड्या निघाल्या. त्यांत पारा असायचा. लेकरांचे हातपाय गुलाबी व्हायचे, सोलायचे. विसाव्या शतकाच्या मध्यावर त्या पुड्या बंद झाल्या आणि तो गुलाबी रोगही जवळजवळ बंद झाला. अमेरिकेत मिसेस विन्स्लो यांचं सिरप होतं, दात येणाऱ्या बाळांना शांत करणारं. शांत व्हायचीच, त्यात मॉर्फिन होतं. लांब कशाला, मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया लेकराला अफूची बाळागोळी देऊन कामावर जायच्या. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग काय होता ते विचारायचा मला अधिकार नाही. माझ्यापुढे खालचा खण होता.

आणि अगदी अलीकडे, 2018 मध्ये, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कंपन्यांना बजावलं की बेंझोकेनची हिरड्यांवर चोळायची जेल दोन वर्षांखालच्या बाळांसाठी विकू नका. त्याने रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद जाऊ शकते. अशा बधिर करणाऱ्या जेलच्या ट्यूबा माझ्याकडेही होत्या. कुणी बाळाच्या दातासाठी मागितली तर मी ‘थोडीच लावा हं’ म्हणायचो. सल्ला फुकट.

गंमत म्हणजे आपल्याबद्दल लिहिणारा माणूस फार पूर्वी होऊन गेला. आमच्या आयुर्वेदातल्या वाग्भटांनी दात येण्याच्या काळात बाळाचं सगळं अंग दुखतं हे मान्य केलं, मोराला तुरा फुटण्याशी तुलनाही केली. पण या दुखण्यांसाठी बाळाला फार जाचू नका, दात आले की ती आपली आपण शमतात, असंही सांगितलं. आईला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, “मग? मी तेच म्हणत होती.”  तिच्याशी वाद घातला नाही. ती त्या तीन रात्री माझ्यापेक्षा जास्त जागली होती.

तेव्हा आता तक्रार ऐकावी. आपण संस्कृतात द्विज, दोनदा जन्मणारे. कठीण कवचाचे, शरीरातला सर्वांत कणखर पदार्थ अंगावर मिरवणारे. एवढं असून, शतकानुशतकं आपल्या नावावर लेकरं सुकत असताना, एकदाही आपण तोंड उघडून म्हणाला नाहीत की बाबांनो, हा जुलाब माझा नाही? तोंडातच तर राहता. कधी एखाद्या आजीच्या बोटाला कडकडून चावून तरी सांगायचं होतं. चावायचं तेव्हा चावलात ते बिचाऱ्या चिमीच्या आईला.

आता आपण आठ जण झालात. रोज रात्री तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट लावून मी आपली सेवा करतो. आपण शांतपणे ब्रश चावता. चिमी सहा वर्षांची झाली की आपण स्वतः हलायला लागाल, पडाल, आणि आई आपल्याला छपरावर फेकून उंदराचे दात मागेल. तोवर आपलं-माझं खातं चालूच राहील असं दिसतं.

कालचंच बघा. बांभोरीकडची एक आजी आली, काखेत नातू, मलूल. “भाऊ, दात येऊन राह्यले, ते 21 नंबर द्या.” मी पहिल्यांदाच दुसरा प्रश्न विचारला. “आजी, शी किती वेळा झाली?” सहा, म्हणाली. मी वाकलो, खालच्या खणातलं ओआरएस काढलं, एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात अख्खं पाकीट कसं घालायचं ते दोनदा सांगितलं, झिंक दिलं, टाळूला हात लावून पाहिला, डोळ्यांत पाणी येतंय का पाहिलं, संध्याकाळपर्यंत उतार नाही पडला तर ग्रामीण रुग्णालयात न्या म्हणालो. आजीने सगळं ऐकलं. पाकिटं पिशवीत टाकली. मग तिथेच उभी.

“अन् गोळ्या?”

मी दिल्या. न घेता ती गेली नसती, आणि कदाचित ओआरएसही ठेवून गेली असती. त्या गोळ्यांवरचा नफा साडेनऊ रुपये आपल्या खात्यावर मांडला आहे. हिशेब केव्हाही पाहून घ्यावा.

आपला भागीदार,
चिमीचा बाप

ता. क. : चिमीच्या उजवीकडे मागची हिरडी टणक लागते आहे, पहिली दाढ असावी. संध्याकाळपासून नाक वाहतंय आणि अंग गरम आहे. आई काय म्हणाली ते आपल्याला ठाऊकच आहे. मी थर्मामीटर शोधतो आहे. दुकानात तेवीस आहेत, घरात एकही सापडत नाही.